नाही ना?

बोईसर स्टेशनाकडून कारखान्यांच्या वसाहतीकडे जाताना डाव्या हाताला एक खाजगी रुग्णालय लागतं. नाव सांगत नाही. त्याची पाटी दर दोन-तीन वर्षांनी बदलते, तुम्ही शोधायला जाल तेव्हा वेगळीच असेल. साठ खाटा आणि एक लिफ्ट. लिफ्टच्या दारावर 'लिफ्ट बंद आहे' असा कागद चिकटवलेला आहे. लिफ्ट चालू असते. कागद काढायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नसल्यामुळे तो राहिला आहे आणि नवखी माणसं निमूटपणे जिना चढतात.

तळमजल्यावर अपघात विभाग. सहा खाटा, प्रत्येकीभोवती हिरवा पडदा. कारखान्यांतून बोटं चिरडलेली, वाफेने भाजलेली माणसं येतात, किनाऱ्यावरच्या गावांतून साखर वाढलेली येतात, आणि डोंगराकडच्या पाड्यांवरून जी येतात ती बहुधा आधी आणखी दोन ठिकाणी जाऊन आलेली असतात. चारुता राऊत या विभागात नऊ वर्षं स्टाफ नर्स होती. मूळची माकुणसारची, वडिलांची पानवेलीची वाडी. नवरा कुशल एका रंगाच्या कारखान्यात, म्हणून बिऱ्हाड सालवडला. उंच, सावकाश बोलणारी, घड्याळ पाहून पाणी पिणारी बाई. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. सवय नसलेली माणसं खोटं बोलतात तेव्हा ते फार नीटनेटकं असतं.

गेल्या मे महिन्यात रुग्णालयाला एक मोठं प्रमाणपत्र मिळवायची इच्छा झाली. त्यासाठी पालघरच्या एका सभागृहात नर्सेसचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, स्वतःच्या कामातल्या अनुभवावर चिंतन करून शिकणे. पुण्याहून आलेल्या बाई चांगल्या होत्या, तळमळीने बोलत होत्या. त्यांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या कडेने सहा प्रश्न लिहिले. काय घडलं? तेव्हा मनात काय आलं? काय बरं झालं, काय वाईट? असं का झालं? आणखी काय करता आलं असतं? पुन्हा असं घडलं तर काय कराल? सहाव्या प्रश्नापासून त्यांनी एक बाण काढला आणि फिरवून पहिल्याला नेऊन जोडला.

"अनुभव येतो आणि जातो," बाई म्हणाल्या. "आपण त्याच्याकडे परत जायचं असतं."

शेवटच्या रांगेत मेघाली बसली होती. चारुताच्याच विभागातली, सव्वीस वर्षांची, कुठल्याही सभेत शेवटची रांग पकडणारी. ती म्हणाली, "आणि तोच आपल्याकडे परत आला तर?"

दोघीतिघी हसल्या. बाईही हसल्या. "मग सहावा प्रश्न आहेच की," त्या म्हणाल्या.

परत आल्यावर मेट्रन प्रेमला मॅडमनी प्रत्येकीला एक दोनशे पानी वही दिली. वर छापलं होतं, 'चिंतनवही'. आठवड्याला एक पान, शनिवारी मॅडमची सही. नर्सेसनी तिची 'चिंतावही' केली, त्याला फार कल्पकता लागत नाही. पूर्वी चिंतन करायला ऋषीमुनी झाडाखाली बारा-बारा वर्षं बसत. इथे ते एक सलाइन संपून दुसरं लावायच्या आत उरकायचं होतं. त्यामुळे सगळ्याजणी दुखणार नाही असं काहीतरी लिहीत. 'नातेवाइकांनी पंखा बंद असल्याची तक्रार केली. मला वाईट वाटले. पुन्हा असे घडल्यास मी वायरमनला कळवीन.' मॅडम लाल पेनने लिहीत, 'छान.'

पहिल्यांदा काही वेगळं जाणवलं ते जूनमध्ये, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं होतं. सफाळ्याच्या एका आजोबांची कवळी हरवली. चादर बदलताना मेघालीने ती चादरीतच गुंडाळून धुलाईला पाठवली होती, आणि हे तिला माहीत होतं. वहीत तिने लिहिलं, 'नातेवाइकांनी कवळी सांभाळली नाही.' पुढच्या आठवड्यात त्याच खाटेवर दुसरे आजोबा आले आणि त्यांचीही कवळी गेली. तशीच, चादरीतून. त्याच्या पुढच्या आठवड्यात एक आजीबाई. मेघाली आता चादर झटकून, उलटी करून, खिडकीशी नेऊन बघत होती. तरी कवळी धुलाईच्या यंत्रातच सापडली.

"ताई, मी काय केलं सांगू?" चहा पिताना ती चारुताला म्हणाली. "वहीत खरं लिहून टाकलं. की पहिली कवळी मीच घालवली. आणि थांबलं बघा."

"काय थांबलं?"

"दात जायचे थांबले."

"चौथ्या म्हाताऱ्याला स्वतःचे दात असतील," चारुता म्हणाली आणि कप विसळायला गेली.

प्रमाणपत्राच्या तपासणीला येणाऱ्या लोकांना कागदावरची रिकामी चौकट खपत नाही, असं मॅडमना कुणीतरी सांगितलं होतं. अपघात विभागाच्या नोंदपत्रावर बावीस चौकटी होत्या आणि त्यातली 'औषधाची ॲलर्जी' ही हमखास रिकामी राहायची, कारण बहुतेकांना ती नसतेच. तेव्हा नोंदणीच्या खिडकीवरचे वामनकाका स्टेशनजवळ जाऊन एक रबरी शिक्का करून घेऊन आले. त्यावर एकच शब्द, 'नाही'. रोज सकाळी आठ वाजता, पेशंट यायच्या आधी, चारुता तीस कोऱ्या नोंदपत्रांवर तो मारून ठेवायची. पेशंट आला की त्याला विचारायचीसुद्धा. त्यात ती कधी चुकली नाही. मात्र उत्तर आधीच तयार असल्यामुळे हळूहळू प्रश्न त्या उत्तराच्या मापाचा झाला. 'ॲलर्जी आहे का?' हे मागे पडलं आणि 'ॲलर्जी नाही ना?' हे जिभेवर बसलं.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी जिव्याला आणलं. तो डोंगराकडचा, पस्तिशीचा, कपाळावर व्रण, अंगात वरून दुसरं बटण नसलेला फिकट हिरवा सदरा, फुटपाथच्या फरश्या पाडणाऱ्या एका कारखान्यात कामाला. फरश्यांची थप्पी डाव्या पावलावर कोसळली होती. त्याला चार नंबरच्या खाटेवर घेतलं. सोबत त्याची बायको चिमी होती, नवऱ्याच्या रबरी चपला दोन्ही हातांनी छातीशी धरून. डॉक्टरांनी पाय पाहिला, दुखण्याचं इंजेक्शन सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. हे इंजेक्शन त्या विभागात दिवसातून वीस-पंचवीस वेळा दिलं जातं.

चारुताने औषध सिरिंजमध्ये ओढलं, नोंदपत्र हातात घेतलं आणि विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना?"

जिव्या काहीतरी बोलला. फार मोठं नव्हतं ते.

पंचवीस मिनिटांनी तो गेला. आधी अंगावर गांधी उठल्या, मग ओठ सुजले, मग श्वास अडकला. करण्यासारखं सगळं करण्यात आलं आणि वेळेवर करण्यात आलं, तशा नोंदी आहेत.

चिमी रडली नाही. ती पडद्याबाहेर उभी होती, चारुता बाहेर आली तेव्हा म्हणाली, "बाई, तो बोलला ना तुला." डोंगराकडे सगळ्यांनाच तू म्हणतात, त्यात राग नसतो. "हाय बोलला. मागं बी सुई टोचली तवा त्याला असाच झालेला. तो बोलला ना."

चिमीने तेच पुन्हा एकदा सांगितलं, आधीच्याच आवाजात, आणि चपला छातीशी धरून बाकावर जाऊन बसली.

चौकशी समितीत तीन माणसं होती. बैठक चहासकट पस्तीस मिनिटं चालली. नोंदपत्रावर 'नाही' असा सरळ, ठळक शिक्का होता. चारुताने सांगितलं, मी विचारलं तेव्हा रुग्ण 'हां' म्हणाला. 'नाही ना?' याला 'हां' म्हणजे नाहीच. समितीला हे व्याकरण पटलं. चिमीला विचारावं असं एखाद्याच्या मनात आलंही असेल, पण तोवर ती नवऱ्याला घेऊन पाड्यावर गेली होती.

शनिवारी चारुताने वहीत पान लिहिलं. मोजकी अक्षरं, खाडाखोड नाही. 'रुग्णास ॲलर्जीबाबत विचारले. रुग्णाने हां असे सांगून ॲलर्जी नसल्याला दुजोरा दिला. मला अतीव दुःख झाले.' सहाव्या प्रश्नापुढे तिने लिहिलं, 'पुन्हा असे घडल्यास मी रुग्णास दोनदा विचारीन.' मॅडमनी लाल पेनने 'अत्युत्तम' असा शेरा दिला. ही बढती होती. आजवर कुणी 'छान'च्या पुढे गेलं नव्हतं.

तीन आठवडे गेले. चौथ्या गुरुवारी चार नंबरवर एक बिहारचा कामगार आला. डाव्या पावलावर लोखंडी पाइप पडला होता. चारुताचं लक्ष आधी त्याच्या बायकोकडे गेलं. पदर डोक्यावर, आणि नवऱ्याच्या चपला छातीशी धरलेल्या. चारुताने भिंतीवर पाहिलं. अकरा वीस.

यात काही विशेष नव्हतं. बोईसरला पायांवर वस्तू रोज पडतात आणि जखमी माणसाच्या चपला कुणालातरी धराव्याच लागतात. तिने नोंदपत्र घेतलं. "दवा की कोई एलर्जी नहीं है ना?"

"है," तो म्हणाला. किंवा "हाँ" म्हणाला. बाहेर ट्रक उलटा घेत होते, त्याची शिटी चालू होती.

तिने वहीत लिहिल्याप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं. "पक्का नहीं है ना?"

माणूस तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तेच उत्तर दिलं आणि तेही तिला तसंच अर्धं ऐकू आलं. कपाटातल्या औषधाकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि डॉक्टरांना विचारून साधी गोळी दिली. तो तासाभराने लंगडत गेला.

त्या शनिवारी तिने वहीत पंख्याबद्दल लिहिलं.

पुढची खेप दोन आठवड्यांनी आली, गुरुवारीच. या वेळी केळव्याकडचे एक बागायतदार होते, सत्तरीचे, नारळाचा घड पायावर पाडून घेतलेले. धोतर, टोपी, तिच्या वडिलांसारखेच कानावर केस. चारुताला जरा बरं वाटलं. मग तिला दिसलं की सिरिंज भरलेली आहे आणि ती आपल्या हातात आहे. ती कधी भरली, तिला आठवेना. नोंदपत्र दुसऱ्या हातात होतं.

"कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना, काका?"

"हाय," काका म्हणाले आणि डोळे मिटले. दुखलं की माणूस हेच म्हणतो. अजून तरी यावर कुणी शिक्का काढलेला नाही.

चारुताने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ट्रे टेबलावर ठेवला. पडद्याबाहेर काकांची बायको उभी होती, जुन्या वळणाची, गजरा माळलेली, चपला छातीशी धरून.

"काकू, चपला खाली ठेवा ना. किती वेळ धरणार?"

काकूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ह्या ह्यांच्या नव्हेत," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या चामड्याच्या असतात."

रबरी होत्या. डावीची टाच चेपलेली होती. काकूंनी त्या घाईने बाकाखाली सरकवल्या आणि हात पदराला पुसले. सफाईच्या बाईने संध्याकाळी बाकाखाली झाडलं तेव्हा तिथे काही नव्हतं.

चारुताने मॅडमकडे दुसरा विभाग मागितला. मॅडम म्हणाल्या, "तू गेलीस तर खाली कुणाच्या भरवशावर?" ही स्तुती होती, त्यामुळे पुढे बोलता येईना. तिने बदलता येईल ते बदललं. रोज सकाळी केस विंचरताना आरशासमोर म्हणायची, "आहे का? ॲलर्जी आहे का? आहे का?" कुशलने एकदा दाढी करता करता विचारलं, "कुणाला शिकवतेस?"

"स्वतःला."

"एवढं सोपं?" तो म्हणाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी तिला हाक मारून चार नंबरवर बोलावलं. या माणसाचा चेहरा जिव्याचा नव्हता. हे तिने नीट पाहून घेतलं. नाक वेगळं होतं, कपाळावर व्रण नव्हता. पण सदरा जिव्याचा होता, फिकट हिरवा, वरून दुसरं बटण नसलेला. ती त्या बटणाच्या जागेकडे पाहत असताना तिला आपलाच आवाज ऐकू आला.

"नाही ना?"

सकाळी तिने आरशासमोर चाळीस वेळा दुसरंच म्हटलं होतं.

उत्तर आलं. ते तिने ऐकलं की नाही, हे तिला त्या वेळी सांगता आलं नसतं, कारण पडद्याबाहेरून कुणीतरी, रागावल्याशिवाय, म्हणालं, "तो बोलला ना."

चारुताने खाली पाहिलं. सुई त्या माणसाच्या कातडीत होती. अंगठा दट्ट्यावर होता.

तिने सुई काढली. रक्ताचा एक थेंब आला, त्यावर कापूस धरला. माणूस छताकडे पाहत होता. तिने पडदा सारला. बाहेर पॅन्ट-शर्टातली एक मुलगी फोनवर बोलत होती, माणसाची बहीण असावी. काखेत चपला होत्या.

"तुम्ही काही म्हणालात?"

"मी? मी तर फोनवर हाय," मुलगी म्हणाली.

चारुता मागच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. ती हिशोबी बाई होती, तिने क्रम लावला. पहिल्या वेळी औषध कपाटात होतं. दुसऱ्या वेळी सिरिंजमध्ये. तिसऱ्या वेळी सुई आत. पुढच्या वेळी काय उरलं होतं, हे समजायला प्रशिक्षणाची गरज नव्हती.

मेघाली चहा घेऊन आली. चारुताचा कप तिने कठड्यावर ठेवला.

"ताई, तुमच्याकडे परत येतंय ना?"

"काय?"

"चार नंबर. सगळ्याजणी बघतायत, बोलत नाय कुणी." मेघालीने आपला चहा फुंकला. "तुम्ही लिहिलंय ना खरं?"

"लिहिलंय."

"मग ठीक," मेघाली म्हणाली. एक घोट घेऊन म्हणाली, "माझी फक्त कवळी होती. कवळीला कोण विचारतं? तुमचं तसं नाय, ते मला कळतं."

"काय कळतं?"

"काय नाय. चहा घ्या, निवतोय."

त्यानंतरचे सहा दिवस चारुताने दोन गोष्टी मनात आलटूनपालटून ठेवून पाहिल्या. खरं लिहिलं तर नर्स म्हणून असलेली नोंदणी जाईल. मिटलेली चौकशी उघडेल, पोलीस येतील, माकुणसारला वडिलांना कुणीतरी पेपर नेऊन दाखवेल. नाही लिहिलं तर गुरुवार आहे. बुधवारी दुपारची सुटी होताच ती कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसली आणि वही उघडली. तिचं अक्षर पहिल्यांदाच रेषेवरून खाली उतरलं.

'रुग्ण हाय असे म्हणाला. मी हाय असेच ऐकले. तेव्हा मनात काय आले: काही नाही. माझी नजर कागदावर गेली. तिथे नाही असा शिक्का होता, तो सकाळी मीच मारला होता. मला वाटले, हा चुकत असेल. मी कागदाचे ऐकले. त्याची पत्नी खरे सांगत होती. ते मला तेव्हाही माहीत होते.'

सहाव्या प्रश्नापुढची जागा तिने कोरी ठेवली. नऊ वर्षांत तिने सोडलेली ही पहिली रिकामी चौकट.

गुरुवारी तपासणी होती. सगळ्यांच्या रजा रद्द करून विभागातल्या सहाही जणींना सकाळी बोलावलं होतं. मॅडम कडक इस्त्रीत होत्या. त्या सकाळपासून जिन्यावर, गच्चीवर, धुलाईत फिरत होत्या आणि सापडल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. चारुताने त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि वही पुढे केली.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे आजच लिहायचं होतं?"

"ऑगस्टमध्येच लिहायचं होतं."

"तुझी नोंदणी जाईल, चारू."

"हो."

"मग फाडून टाक. मी पाहिलं नाही, तू लिहिलं नाही."

"नको, मॅडम. राहू दे. तुम्ही सही करा, म्हणजे ते थांबेल."

"काय थांबेल?" मॅडमनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी पानं बोटाने मागे उलटली, ऑगस्टपर्यंत. "आणि एक लक्षात घे. आता हे एकट्या तुझं राहिलेलं नाही. बाकीच्यांच्या वह्या बघितल्यास का तू? नुसते पंखे आणि कवळ्या. तपासणीला काय दाखवू? एक पान दाखवण्यासारखं होतं, तुझं. सोमवारी पाचही जणींना बसवून उतरवून घेतलं."

"काय उतरवून घेतलं?"

"हेच. 'हां असे सांगून दुजोरा दिला.' आपापल्या अक्षरात. 'मी' घालून."

"मी घालून?"

"मग काय, तुझं नाव घालून? चिंतन आहे ते, 'मी'च लागतो."

चारुताने मॅडमच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा सतरा. ती वही तिथेच टाकून निघाली.

लिफ्ट वर होती. ती जिन्याने उतरली.

नोंदणीच्या खिडकीतून वामनकाकांनी डोकं बाहेर काढलं. "सिस्टर, आज डाव्या पायांचं संमेलन आहे काय हो? दहा मिनिटांत पाच. वाणगाव, मनोर, उमरोळी, सगळे वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना ओळखत पण नाहीत."

"कुठायत ते?"

"आत घेतले. तपासणीवाले फाटकात आलेत, खाटा भरलेल्या दिसल्या पाहिजेत ना."

"नोंदपत्रं?"

"ती सकाळीच तयार असतात," वामनकाका म्हणाले. "तुम्हीच तर करता."

आत थंड होतं. फिनेलचा वास होता, नव्या चादरींना खळीचा.

चार नंबरचा पडदा उघडा होता. खाट रिकामी, चादर ताणून बसवलेली, सुरकुती नाही. चारुताने खरं लिहिलं होतं. तिचं थांबलं होतं.

बाकीचे पाच पडदे ओढलेले होते.

प्रत्येक पडद्याबाहेर एक बाई उभी होती. कुणी साडीत, कुणी ड्रेसमध्ये, एक म्हातारी, एक अगदी कोवळी. पाचही जणींचे दोन्ही हात छातीशी होते. हातांत काय आहे ते तिने पाहिलं नाही.

आतून आवाज येऊ लागले. मेघालीचा पहिला, मग विभागातल्याच स्वातीचा, मग नलूताईंचा. प्रत्येकीचा सूर निराळा, शब्द तेच.

"कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना?"

"ॲलर्जी नाही ना?"

"नाही ना?"

आणि पाच उत्तरं. बारीक, पुरुषी आवाजांतली.

घड्याळात अकरा वीस झाले.

चारुता मधोमध उभी होती. एक पडदा उघडला तर चार उरत होते. ती सावकाश बोलणारी बाई, पण आता तिने सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. देऊ नका, थांबा, त्याला आहे, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळं.

"कुणी इंजेक्शन दिलं नाही ना अजून?"

पडद्यांबाहेरच्या पाचही बाया तिच्याकडे वळल्या.

मग पाचही पडद्यांमागून, एकाच वेळी, कामात गुंतलेल्या माणसाच्या नेहमीच्या शांत आवाजात उत्तर आलं.

"हां."